निळं संत्रं आणि अनुवादकाचं नाव

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत तीन अतिवास्तववादी, म्हणजे सर्रिअलिस्ट, तर्क बाजूला ठेवून स्वप्नासारखी चित्रं मांडणाऱ्या फ्रेंच कवितांचे मराठी अनुवाद आले होते आणि त्यावर पुढच्या रविवारी वाचकांची जी पत्रं आली ती वाचून राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. एका गृहस्थांचं म्हणणं असं की या कविता मुळात त्या फ्रेंच लोकांनाही कळत नाहीत, त्यात परत त्यांचं ट्रान्सलेशन, म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. दुसऱ्या एका बाईंनी लिहिलंय की फ्रेंच येत नसेल तर फ्रेंच कवितेच्या वाटेला जाऊच नये, अनुवादात फक्त फोलपटं उरतात. दोघंही शिकलेले दिसतात, मराठी छान आहे त्यांचं, पण मला दोघांचंही पटलं नाही.

मला फ्रेंचचा एक शब्द येत नाही हे आधीच सांगून टाकतो. वरुडला माझं कृषी सेवा केंद्र आहे, खतं, बियाणं, फवारणीची औषधं. बावीस वर्षांपूर्वी नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं, वीस रुपयात, फ्रेंच अतिवास्तववादी कवींच्या निवडक कविता, पुढची पाच-सहा पानं फाटलेली, कव्हर नाही, म्हणजे पुस्तकाचं नाव नाही, संपादकाचं नाही, अनुवादकाचं तर नाहीच. एसटीत बसल्यावर मधलंच एक पान उघडलं तर पहिलीच ओळ ही, की पृथ्वी निळी आहे संत्र्यासारखी. ओळ फ्रेंच कवी पॉल एल्युआरची, १९२९ सालची, हे नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त हसलो कारण संत्रं हा आमचा विषय आहे हो, आमच्या घरी आंबिया आणि मृग दोन्ही बहारांची संत्री, मला संत्र्याचं काय सांगता. पण काटोल गेलं तरी ती ओळ काही डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर काकांना वाचून दाखवली, म्हटलं बघा काय लिहिलंय. काका सातवी शिकलेले, आयुष्य बागेत गेलेलं. ते म्हणाले, "मंग बरोबरच हाये नं बावा, सडलं का निळंच होते." आणि खरंच की, पेटीत एखादं डागी फळ राहिलं की त्याच्यावर आधी पांढरी आणि मग निळी बुरशी धरते, आम्ही तिच्यासाठी औषध विकतो! आता एल्युआरच्या मनात बुरशी होती असं माझं बिलकुल म्हणणं नाही. काही लोक म्हणतात की बघा, अंतराळातून पृथ्वी निळी दिसते हे गागारिननं १९६१ ला सांगितलं, कवीनं बत्तीस वर्षं आधीच. मला तेही ओढूनताणून वाटतं. कवी लगेच पुढच्या ओळीत सांगून मोकळा होतो की कधीच चूक नाही, शब्द खोटं बोलत नाहीत. पण काकांना जे दिसलं ते पॅरिसच्या माणसाला चटकन दिसलं असतं का, सांगा बरं. ओळ फ्रेंचातून इंग्रजीत, इंग्रजीतून माझ्या मोडक्यातोडक्या वऱ्हाडी-मराठीत आली आणि इथे आल्यावर तिला एक नवा अर्थ फुटला. फोलपट असतं तर फुटला असता का?

मग मला नाद लागला. ही एकच ओळ मी मराठीत किती वेळा केली असेन. इंग्रजीत कुणी पृथ्वी म्हणतं कुणी जग म्हणतं, फ्रेंच मूळ शब्दाचा अर्थ पृथ्वीही होतो आणि जमीन, मातीही होतो. माती निळी आहे म्हटलं की काळ्या मातीतल्या माणसाला वेगळंच काही दिसतं. आणि संत्रं म्हणायचं की नारिंग? फ्रेंचमध्ये फळाला आणि रंगाला एकच शब्द, ओरांज, म्हणजे त्यांच्या कानाला ती ओळ 'निळी आहे नारिंगीसारखी' अशी पण ऐकू येते, आणि चित्रकाराला विचारा, रंगचक्रात निळ्याच्या बरोब्बर समोर नारिंगी असतो. संत्रं म्हटलं की ही गंमत गेली. नारिंग म्हटलं की गंमत राहते पण आमच्याकडं कुणी नारिंग म्हणत नाही, संत्राच म्हणतात. आणि बघा, तो ओरांज शब्द मुळात आपल्याच नारंगाचा नातू, संस्कृत नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा, इटालियनमध्ये अरांचा, मग फ्रेंच. म्हणजे शब्द हजार वर्षं पायी चालत तिकडे गेला आणि एका कवितेत बसून एसटीनं वरुडला परत आला. मला तर ही ओळ वाचताना माहेरवाशीण आल्यासारखं वाटतं.

अनुवादात काय उरतं हा प्रश्न सगळ्या कवितांना एकच लावून चालणार नाही असं मला वाटतं. ज्ञानेश्वरीची ओवी दुसऱ्या भाषेत नेली तर तिचा नाद गेला, अर्धा जीव गेला, मान्य. पण या लोकांची कविता बरीचशी चित्रांवर चालते, दोन वस्तू ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही त्या एकत्र आणून ठेवायच्या आणि ठिणगी पडते का बघायचं. संत्रं आणि निळा या दोन गोष्टी कुठल्याही भाषेत टकरावतातच. त्यांचा आद्य दैवत म्हणावा असा लोत्रेआमों, माणूस दक्षिण अमेरिकेत माँटेव्हिडिओला जन्मलेला आणि १८७० ला पॅरिसमध्ये चोविसाव्या वर्षी मेला, त्याचं ते प्रसिद्ध वाक्य आहे ना, शवविच्छेदनाच्या टेबलावर शिलाई मशीन आणि छत्री यांची अचानक भेट व्हावी इतकं सुंदर. माझ्या दुकानाला लागून एक टेलरिंगचं दुकान आहे, जुलै महिन्यात त्याच्या उषा मशीनवर कायम ओली छत्री आडवी टाकलेली असते. मी त्याला एकदा म्हटलं की अरे तुझ्या मशीनवर पॅरिसमध्ये साहित्य झालंय. तो म्हणाला, "मशीनवर नाई ठेवू तं का डोक्स्यावर ठेवू, दुकानात?" त्या दिवसापासून मला ते वाक्य विचित्र वाटेनासं झालं, फक्त टेबल तेवढं कमी आहे आमच्याकडं.

बायकोचा किस्सा पण सांगतो, घरात परवानगी घेतली आहे. आन्द्रे ब्रेतों, ज्यानं १९२४ ला या सगळ्याचा जाहीरनामा लिहिला, त्याची १९३१ ची एक लांबलचक कविता आहे, बायकोच्या एकेका अवयवाचं वर्णन. बायको की स्त्री हा पहिला घोळ, कारण फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच शब्द. मी बायको घेतलं. माझी बायको, जिचे केस म्हणजे लाकडाचा जाळ, इथवर ठीक होतं, चूल पेटलेली माहिती आहे सगळ्यांना. मग वाळूच्या घड्याळाची कंबर, तेही चाललं. पुढं आलं, वाघाच्या दातांत सापडलेल्या ऑटरची कंबर. ऑटर म्हणजे आपलं पाणमांजर. आता फ्रेंचमध्ये त्या प्राण्याच्या नावात मांजर नाही, मराठीत आहे, त्यामुळे मराठी ओळीत वाघाच्या दातांत आपोआप मांजर जाऊन बसलं, वाघाची मावशी वाघाच्या तोंडात! ब्रेतोंला हे माहिती असतं तर तो नाचला असता. बायको मात्र म्हणाली, "मले पाणमांजर म्हणता काय तुमी?" मी म्हटलं अगं प्रेमानं. ती म्हणाली की वाघ कोण मग. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, समीक्षकांकडंही नसणार.

पण नंतर विचार करताना लक्षात आलं की यात आपल्याला इतकं हबकण्यासारखं काय आहे? आपल्या पंडित कवींनी बाईला सिंहाची कंबर दिली, हत्तीची चाल दिली, हरणाचे डोळे दिले, सिंहकटी, गजगामिनी, मृगनयना, आणि हे सगळं एकाच बाईच्या अंगावर, कल्पना करून बघा कशी दिसेल ती. सवयीनं आपल्याला त्यातलं विचित्रपण दिसत नाही एवढंच. शाळेत बहुव्रीही समास घोकताना जे मेलेलं होतं ते मला ब्रेतों वाचल्यावर जिवंत झालं. हा अनुवाद वाचण्याचा फायदा मी तरी मोठा समजतो, परका माणूस आपल्याच घरातली वस्तू उचलून विचारतो हे काय आहे, आणि मग आपण पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघतो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी कारण तुमच्याकडं आलेल्या एका पत्रात मुक्ताईचा दाखला होता, मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी, आणि पत्रलेखकाचं म्हणणं की हे सगळं आपल्याकडं सातशे वर्षांपूर्वीच झालंय, पॅरिसकडं कशाला बघायचं. ओळ जबरदस्त आहे यात वाद नाही, मला तर एल्युआरच्या ओळीपेक्षा मोठी वाटते. पण ती वेगळी चीज आहे. मुक्ताईच्या मुंगीला कुलूप आहे आणि किल्ली पण आहे, कीर्तनकार ती उघडून दाखवतात, मुंगी म्हणजे काय, सूर्य म्हणजे काय. एल्युआरच्या संत्र्याला किल्ली नाही. ब्रेतों हा मेडिकलचा विद्यार्थी, पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांच्या दवाखान्यात काम केलेला, तिथं त्यांची असंबद्ध बडबड ऐकलेली, फ्रॉइडबद्दल वाचलेलं, आणि मग १९१९ ला त्यानं आणि त्याचा कवीमित्र फिलीप सूपोनं ठरवलं की डोकं बाजूला ठेवून हात चालेल तेवढ्या वेगानं लिहायचं, खोडायचं नाही, विचार करायचा नाही. त्याच्यामागं युद्ध होतं, लाखो पोरं मेलेली होती आणि ज्या शहाणपणानं ती मारली त्या शहाणपणाचाच राग होता. सगळं आमच्याकडं होतंच म्हणून हे झटकून टाकणं मला आळशीपणा वाटतो. साठच्या दशकात अरुण कोलटकरांसारख्या आपल्या कवींनी हे झटकलं नाही, आणि मराठी कवितेचं त्यात भलंच झालं.

गंमत म्हणजे कवीनं झपाट्यानं, न खोडता लिहिलेली ओळ अनुवादकाला महिनाभर डिक्शनरी घेऊन बसून लिहावी लागते. कवीला सूट होती विचार न करण्याची, अनुवादकाला ती नाही. १९३२ साली एका इंग्रजी त्रैमासिकाचा अतिवास्तववादी अंक निघाला तेव्हा एल्युआर आणि ब्रेतों यांच्या कविता इंग्रजीत करून देणारा एक सव्वीस वर्षांचा पोरगा होता, पुढं नाटककार म्हणून गाजलेला सॅम्युअल बेकेट, त्याला नोबेल मिळायला अजून सदतीस वर्षं होती. असल्या माणसाचा हात लागलेली ओळ फोलपट कशी म्हणायची मला तरी समजत नाही.

त्यांचा तो कागदाचा खेळ पण आम्ही घरी खेळतो. एकानं शब्द लिहायचा, घडी घालायची, दुसऱ्यानं न बघता पुढचा. १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये सुरू झाला, आणि पहिलं वाक्य निघालं की सुरेख प्रेत नवी दारू पिईल, म्हणून खेळाचं नावच सुरेख प्रेत पडलं. मराठीत लगेच अडचण, आपलं क्रियापद शेवटी येतं आणि वर विशेषणाला लिंग लागतं, पहिल्या दिवशी 'थकलेला चटणी' असं काहीतरी निघालं आणि पोरं हसून हसून लोळली. मग नियम केला की पहिल्यानं चिठ्ठीच्या बाहेर फक्त तो, ती की ते एवढं लिहायचं. लाइट गेलेली असताना एकदा निघालं, थकलेला कुकर ओलं पासबुक पेरतो. धाकटी म्हणाली हे बाबांच्या दुकानाबद्दल आहे. त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस इतका झाला होता की उधारी वसूल होत नव्हती, मला जरा वेळ हसू आलं नाही.

आता सगळंच अनुवादात येतं असा माझा दावा नाही हं. रोबेर देस्नोस नावाचा यांच्यातला एक, १९२२ ला यांच्या बैठकांमध्ये चक्क झोपेत बोलायचा, झोपेत कविता सांगायचा. त्यानं रोझ सेलावी या नावाखाली दीडशे शाब्दिक कोट्या केल्या, ते नावच एक कोटी आहे, भरभर म्हटलं तर फ्रेंचमध्ये ऐकू येतं की कामदेव म्हणजेच जीवन. हे मराठीत आणायला गेलं की हातात काही उरत नाही. माझ्या फाटक्या पुस्तकात त्यातल्या चार होत्या, चारही मेलेल्या. तेवढ्यापुरतं त्या बाईंचं म्हणणं बरोबर आहे.

पण याच देस्नोसची पुढची गोष्ट त्यांनी ऐकावी, आणि पत्र लांबलंय तर बाकीचं कुठलंही कापा पण हे कापू नका.

१९२६ मध्ये देस्नोसनं एक प्रेमकविता लिहिली, तुझी इतकी स्वप्नं पाहिलीत मी. तिचा शेवट साधारण असा, की तुझ्या भुताबरोबर मी इतका चाललोय, बोललोय की आता मीच भुतांमधलं एक भूत व्हायचं राहिलंय, तुझ्या आयुष्याच्या सूर्यघड्याळावर मजेत फिरणाऱ्या सावलीपेक्षा शंभरपट सावली व्हायचं. पुढं जर्मन आले, देस्नोस भूमिगत चळवळीत काम करत होता, फेब्रुवारी १९४४ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला पकडला, आउशविट्झ, बुखेनवाल्ड अशा छळछावण्या करत करत शेवटी चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझिनला पोचला. युद्ध संपलं तेव्हा तो जिवंत होता, पण टायफस झालेला. तिथं काम करणाऱ्या एका चेक विद्यार्थ्यानं रुग्णांच्या यादीत नाव पाहिलं आणि त्याला ओळखलं. कसं ओळखलं? वाचलं होतं म्हणून! प्रागमध्ये १९३४ पासून अतिवास्तववाद्यांचा स्वतःचा गट होता, ब्रेतों आणि एल्युआर १९३५ ला तिथं येऊन व्याख्यानं देऊन गेले होते, चेक भाषेत या कविता फिरत होत्या. म्हणजे मरताना त्या माणसाच्या उशाशी कुणीतरी त्याला कवी म्हणून ओळखणारं होतं. ८ जून १९४५ ला तो गेला, पंचेचाळीसही पूर्ण नव्हते.

चेक वर्तमानपत्रात त्याच्या मरणाच्या बातमीबरोबर त्याच्या त्या जुन्या कवितेचा शेवट चेकमध्ये छापला गेला. फ्रान्समध्ये कुणाचा तरी समज झाला की ही त्याच्याजवळ सापडलेली शेवटची कविता आहे, आणि त्यांनी ती चेकमधून परत फ्रेंचमध्ये आणली. देस्नोसची कविता, देस्नोसच्याच भाषेत, पण त्याच्या शब्दांत नाही! भूत गेलं, सगळीकडं सावलीच झाली, सूर्यघड्याळ गेलं आणि त्या जागी आलं, ऊन पडलेलं तुझं आयुष्य. लोकांनी ती पाठ केली, रडले, संगीतकार पूलांकनं १९५६ मध्ये तिला चाल लावली. खरा प्रकार काय तो पंधरा वर्षांनी उघड झाला.

आता या कवितेला खोटी म्हणायचं का? मला जमत नाही. सूर्यघड्याळ माझं फार आवडतं आहे, सावली नसेल तर ते घड्याळ वेळच दाखवू शकत नाही, म्हणजे भूत झालेला प्रियकर नसेल तर तिचं आयुष्य पुढं सरकत नाही, केवढी मोठी गोष्ट आहे ती. ती चेकमध्ये हरवली. पण जे आलं ते मी मे महिन्यात दुकानात बसून मराठीत केलं, तुझ्या ऊन पडलेल्या आयुष्यात येत राहील, परत परत येत राहील अशी सावली होणं. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. पॅरिसमध्ये ऊन म्हणजे सुख आणि सावली म्हणजे दुःख असेल, वरुडला उलटं आहे. इथं ऊन पडलेल्या आयुष्यात सावली आली म्हणजे माणूस तिच्याखाली बसतो, टॉवेलानं तोंड पुसतो, पाणी मागतो. तिसरीच कविता झाली ती. देस्नोसनं लिहिली नाही, त्या चेक माणसानं नाही, मी तर नाहीच नाही.

आता तक्रार, कारण संपादकांना पत्र म्हणजे तक्रार हवीच. तुमच्या पुरवणीत त्या कवितांखाली कवीची नावं होती, चित्रकाराचं नाव होतं, अनुवादकाचं नाव नव्हतं. कुठल्या भाषेतून मराठीत आणल्या तेही नव्हतं, थेट फ्रेंच की मध्ये इंग्रजी-हिंदी. तुम्ही म्हणाल जागेचा प्रश्न असतो. दोन शब्दांना कितीशी जागा लागते हो, चेक पेपरच्या बातमीवरून झालेला गोंधळ पंधरा वर्षं चालला. पुढच्या वेळी नाव छापा, आणि त्या तीन कवितांच्या अनुवादकाला माझा नमस्कार कळवा, दुसऱ्या कवितेतला 'चिंब जिना' मला फार आवडला, फक्त शेवटच्या ओळीतलं 'नीलवर्णी' काढून साधं 'निळं' करावं असं सुचवतो.

माझ्या फाटक्या पुस्तकाची पुढची पानं मी अजून शोधतोय. दर वेळी नागपूरला गेलो की सीताबर्डीला उतरून तोच ढीग चाळतो, आता तो पुस्तकवाला नाही, त्याचा मुलगा बसतो. मागच्या वेळी म्हणाला, काका, तुम्हाला पुस्तक हवं का नुसती पानं? मी म्हटलं नुसती पानं, पहिली पाच. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जाऊ द्या.

आपला,
एक वाचक,
वरुड, जि. अमरावती